लेव्हल टू झाल्यावर मास्टर्स करू का? माझं दीड वर्ष

मास्टर्स करावं हा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो सीएफएच्या, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट या गुंतवणुकीच्या परीक्षेच्या, लेव्हल टूला नापास झाल्यावर. परीक्षा ऑगस्ट २०२२ ची. निकालाची मेल आली तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात, कँटीनच्या रांगेत उभी होते. तेव्हा आकड्यात गुण देत नसत. एक आलेख यायचा, त्यात उत्तीर्णांची रेषा असायची आणि आपण तिच्या वर की खाली एवढं दिसायचं. मी खाली होते. फार खाली नव्हते, म्हणून जास्त लागलं.

त्या रात्री मी ब्रिटनमधल्या तीन विद्यापीठांची एमएस्सी फायनान्सची माहितीपत्रकं उतरवून घेतली. एका वर्षाचा अभ्यासक्रम, नदीकाठची इमारत, शेवटी टोपी हवेत उडवणारी मुलं. माझ्यापुढे तर पुन्हा तीनशे तासांचा अभ्यास होता, पहाटे साडेचारचा गजर होता. त्या तुलनेत ते चित्र फारच सुखाचं वाटलं. इतक्या दिवसांनी त्या रात्रीकडे बघताना मला स्पष्ट दिसतं की मी तेव्हा पदवी निवडत नव्हते, नापास होण्यातून वाट शोधत होते. म्हणून ज्यांचा नुकताच असा निकाल लागला असेल त्यांना एवढंच सांगेन, की हा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. मी त्या आठवड्यात अर्ज भरला असता तर आज काय झालं असतं, याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

थोडं माझ्याबद्दल. मी सांगलीची, गावभागातली. बी.कॉम. तिथूनच. माझे वडील, म्हणजे अण्णा, एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले. जुलै २०२१ पासून मी पुण्यात एका कंपनीत आहे. परदेशातल्या संशोधन करणाऱ्या संस्थांसाठी आम्ही कंपन्यांचे ताळेबंद एक्सेलमध्ये भरतो, पुढच्या वर्षांचे अंदाज मांडून देतो, तक्ते बनवतो. अहवालावर सही त्यांची, आकडे आमचे. आपलं स्वतःचं मत अहवालात जावं, ही माझी पहिल्यापासूनची इच्छा.

सीएफए निवडलं ते नोकरी सांभाळून करता येतं म्हणून. घरी आणि नात्यात मात्र पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "म्हणजे सीए का?" सीए म्हणजे आपल्या देशातलं हिशेब, लेखापरीक्षण आणि कर यांचं शिक्षण. सीएफएची परीक्षा घेणारी संस्था अमेरिकेतली, व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिलची, आणि विषय गुंतवणुकीचा : शेअर, रोखे, डेरिव्हेटिव्ह, पोर्टफोलिओ आणि प्रत्येक पातळीवर नीतिनियम. तीन पातळ्या. मी परीक्षा दिल्या तेव्हा पासपोर्ट लागायचा, आधार कार्ड चालत नव्हतं. कॅल्क्युलेटरही ठरावीक दोनच जातीचे चालतात. तिन्ही पातळ्या पास झाल्या तरी सनद लगेच मिळत नाही, किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव दाखवावा लागतो. एकदा आत्यानं माझ्या स्थळांसाठीच्या बायोडेटात हौसेनं "बी.कॉम., सी.एफ.ए." असं लिहिलं. मी ते खोडायला लावलं. सनद हातात येईपर्यंत नावापुढे ती अक्षरं लावायची नाहीत हा त्यांचा नियम आहे, आणि मला तो मनापासून पटतो. आत्या मात्र म्हणाली, "मग शिक्षणाच्या रकान्यात नुसतं बी.कॉम.च राहिलं की गं."

तिचं ते वाक्य वर्षभर माझ्या मनात राहिलं.

मे २०२३ मध्ये लेव्हल टू पास झाले. आता मास्टर्सचा विचार निघून जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही, फक्त त्याचं रूप बदललं. झालं असं की ऑफिसातच एका दुसऱ्या टीममध्ये जागा निघाली. कर्जरोख्यांच्या जोखमीचं काम, आणि त्यात टीमचं स्वतःचं मत ग्राहकाकडे जायचं. मी अंतर्गत अर्ज उघडला. "सर्वोच्च शिक्षण" या रकान्यात तीनच पर्याय : पदवीधर, पदव्युत्तर, डॉक्टरेट. मी पदवीधर निवडलं. सीएफएची नोंद करायला जागा होती ती अगदी तळाशी, "इतर प्रमाणपत्रे" या चौकटीत. एक्सेलच्या दोन दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्रही त्याच चौकटीत. दोन वर्षांच्या पहाटा त्या एका ओळीत बसवताना मला फार वाईट वाटलं.

तरी मुलाखतीला बोलावलं. ती मुलाखत मी कधी विसरणार नाही. समोरच्या सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "समजा वीस वर्षांची तिमाही आकडेवारी आहे, तुम्ही रिग्रेशन चालवलं आणि रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेले निघाले. पुढे काय कराल?" (रिग्रेशन म्हणजे एक आकडा दुसऱ्या आकड्यांवरून कसा ठरतो याचं समीकरण, आणि रेसिड्युअल म्हणजे त्याचा अंदाज आणि खरा आकडा यांतला फरक.) चाचणीचं नाव मला माहीत होतं, मी ते सांगितलं. "बरं, चाचणीतही तेच आलं. आता?" मी गप्प. कारण सीएफएच्या प्रश्नाखाली तीन पर्याय असतात आणि त्यातला बरोबर कुठला हे मला ओळखता येत होतं. कोऱ्या कागदावर पर्याय नव्हते. खरी आकडेवारी घेऊन मी एकदाही रिग्रेशन चालवलेलं नव्हतं. सर सज्जन होते, म्हणाले, "वाचन चांगलं आहे तुमचं." जागा दुसऱ्या मुलीला मिळाली, तिनं सांख्यिकीत एमएस्सी केलं होतं.

घरी येताना रिक्षात बसून मी मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या. मला अडवतंय काय : रकाना, की कोरा कागद? पुढचं सगळं शोधकाम त्या दोन ओळींनी सुरू झालं.

पहिलं काम केलं ते अभ्यासक्रम ताडून बघण्याचं. नोव्हेंबरातला रविवार होता. माझी रूममेट गावी गेली होती, म्हणून जेवणाचं टेबल मोकळं होतं. एका बाजूला सीएफएच्या दोन्ही पातळ्यांच्या विषयसूच्या, दुसऱ्या बाजूला ब्रिटनमधल्या त्या विद्यापीठाच्या एमएस्सीची छापील यादी. पेन्सिल घेतली आणि एमएस्सीच्या एकेका विषयाखाली मी काय वाचलंय ते लिहीत गेले. कॉर्पोरेट फायनान्स, झालेलं. शेअरचं मूल्यांकन, झालेलं, आणि बहुधा जास्त खोल. रोखे, झालेलं. ऑप्शन-फ्युचर, झालेलं. पोर्टफोलिओ, लेव्हल थ्रीला पुन्हा येणारच. ताळेबंदाचं विश्लेषण तर माझं रोजचं काम. अकरा विषयांतल्या सात-आठांसमोर टिक आली. उरलं काय? इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं सांख्यिकी विश्लेषण), पायथनमधलं प्रोग्रॅमिंग आणि शेवटचे तीन महिने एका मार्गदर्शकाबरोबर करायचा प्रबंध.

त्या उरलेल्या तीन ओळी म्हणजेच माझा कोरा कागद. आणि त्या तीन ओळींसाठी मी सगळ्या अकरांची किंमत मोजायला निघाले होते.

अर्थात पदवी म्हणजे नुसते विषय नाहीत हे मलाही कळत होतं. म्हणून दुसरं काम माणसांशी बोलण्याचं.

आमच्या कंपनीत एक वरिष्ठ आहेत, त्यांच्याकडे सनद आहे आणि मास्टर्स नाही. त्यांना मी विचारलं की कधी अडलं का. त्यांनी फार सरळ उत्तर दिलं. पहिल्या पाच वर्षांत अडलं, नंतर कोणी विचारलं नाही. मुंबईतल्या फंड हाउसेसमध्ये, म्हणजे म्युच्युअल फंड चालवणाऱ्या कंपन्यांत, सुरुवातीच्या जागा बऱ्याचदा मोठ्या संस्थांच्या कॅम्पसमधून किंवा सीए झालेल्यांतून भरल्या जातात. त्या दारातून आत जायला सनद पुरत नाही, कारण ते दार वर्षातून एकदा आणि ठरावीक ठिकाणीच उघडतं. ते स्वतः आत आले ते ओळखीच्या माणसानं नाव सुचवल्यामुळे. "तू मास्टर्स करणार असशील तर वर्गासाठी करू नकोस, कॅम्पससाठी कर. आणि कॅम्पस कुठला ते आधी बघ," असं म्हणाले. मला हा सल्ला सगळ्यात कामाचा वाटला. मास्टर्स करू का, असं विचारून काही हाती लागत नाही. कुठलं, कुठे, आणि तिथे माणसं घ्यायला कोण येतं, हे विचारलं की उत्तरं मिळायला लागतात.

दुसरी, माझ्या मैत्रिणीची ताई. २०२२ मध्ये ब्रिटनमधून एमएस्सी करून आलेली. तिच्याशी फोनवर दीड तास बोलले. तिनं आढेवेढे न घेता सांगितलं की सप्टेंबरात वर्ग सुरू होतात आणि मोठ्या बँकांचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद व्हायला लागतात. "आपल्याला बसचा पास कसा काढायचा हे कळेपर्यंत पहिली फेरी संपलेली असते गं." आधी इंटर्नशिप केलेली तिथली मुलं पुढे असतात. तिला परत यावं लागलं. पण तिनं हेही सांगितलं की तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकानं दर आठवड्याला अर्धा तास तिचं लिखाण ओळ न ओळ तपासलं, आणि त्या बारा अर्ध्या तासांत ती जे शिकली ते तिला आजवर दुसरीकडे कुठे मिळालं नाही. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. मला हेवा वाटला.

तिसरे, पुण्यातल्या एका महाविद्यालयातले प्राध्यापक. त्यांनी मला एक वेगळीच बाजू दाखवली. पुढे कधी शिकवायचं मनात असेल तर पदव्युत्तर पदवी लागेलच. २०२१ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सीए, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानल्या, प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेची वाट त्यांना मोकळी झाली. सीएफए त्या यादीत नाही. गंमत अशी की ब्रिटनमध्ये सीएफएच्या सनदेची पातळी मास्टर्सच्या तोडीची धरली जाते. पण तोडीची धरणं आणि पदवी असणं यात फरक आहे. विद्यापीठाचा अर्ज भरताना ती पदवी होत नाही.

सरांच्या बोलण्यातली आणखी एक गोष्ट मला पटली. विश्लेषकांसाठी स्वतंत्र व्यावसायिक परीक्षा असावी असा आग्रह बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४० च्या दशकात धरला, आणि १९६३ मध्ये सीएफएची पहिली परीक्षा झाली. मुळात ती परीक्षा आहे ग्राहकासाठी : ज्याच्या हाती मी पैसे देतोय त्याला विषय येतो का आणि तो सचोटीनं वागेल का, याची हमी. विद्यापीठाची पदवी विद्यार्थ्यासाठी असते. तिथं प्रश्न विचारायला शिकवतात. "तुम्हाला हमी हवी आहे की प्रश्न?" सरांनी विचारलं. मी लगेच काही बोलले नाही.

त्या महिन्यात मी दोन ठिकाणी जाऊनही आले. पुण्यात बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये, तिथे फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एमएस्सी आहे. आणि मुंबईत चर्चगेटला जमनालाल बजाजमध्ये, तिथे एमएस्सी फायनान्स आहे. दोन्ही ठिकाणी मन ओढ घेत होतं. पण दोन्ही पूर्णवेळ, दोन वर्षांचे. नोकरी सोडावी लागणार, आणि सनदेसाठीच्या अनुभवाचे महिनेही तिथेच थांबणार. माझे ३६ महिने जुलै २०२४ ला पुरे होणार होते.

रकान्याचा आणखी एक पैलू होता. सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचे, रिसर्च अॅनालिस्टसाठीचे (शेअरबद्दल स्वतःच्या नावानं मत देणाऱ्यांसाठीचे) नियम २०१४ चे. त्यानुसार फायनान्स वा तत्सम विषयातली व्यावसायिक पात्रता किंवा पदव्युत्तर पदवी लागायची, नाहीतर पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव. शिवाय एनआयएसएम या सेबीनं काढलेल्या शिक्षणसंस्थेची पंधराव्या क्रमांकाची परीक्षा. माझ्या तेव्हाच्या हिशेबात पदव्युत्तर पदवी हा त्यातला सगळ्यात सरळ रस्ता दिसत होता. आपल्या मताखाली आपलं नाव यावं हीच इच्छा असल्यानं हे कारण मला वजनदार वाटायचं.

तर असा सगळा विचार करून, पेन्सिलीच्या टिका समोर असूनही, जानेवारी २०२४ मध्ये मी ब्रिटनचा अर्ज भरलाच. लेव्हल टूचा निकाल जोडला म्हणून त्यांनी जीमॅट ही प्रवेश परीक्षा मागितली नाही. मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. उत्तर इंग्लंडमधलं विद्यापीठ, नाव बरं. फी २५ हजार पौंड. लंडनबाहेर राहण्यासाठी व्हिसाला दाखवायची रक्कम तेव्हा महिन्याला १,०२३ पौंड, नऊ महिन्यांची. पौंड १०५ रुपयांच्या आसपास. म्हणजे सगळे मिळून ३६ लाखांच्या घरात.

होळीला सांगलीला गेले तेव्हा अण्णांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मग मला बसायला सांगितलं. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आमच्याकडे तारण म्हणजे गावभागातलं घर. २०१९ च्या पुरात त्या घरात छातीएवढं पाणी होतं. नंतर अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतून फरशी, गिलावा, वायरिंग सगळं नव्यानं केलं. जिन्याशेजारच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, ती त्यांनी मुद्दाम रंगवली नाही.

"घर गहाण टाकायला माझी ना नाही," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईलाही विचारलंय, तिचीही नाही. पण मला एक सांग. कारखाना नवं यंत्र घेतो तेव्हा संचालक मंडळापुढे आम्ही कागद ठेवायचो, की एवढं कर्ज, एवढा हप्ता, आणि रोजचं जादा गाळप एवढं. तुझ्या यंत्राचं जादा गाळप किती?"

मी पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला. ज्या कॅल्क्युलेटरवर हजारो प्रश्न सोडवले त्यावर स्वतःच्या घराचा प्रश्न पहिल्यांदाच मांडला. तीस लाख कर्ज, साडेअकरा टक्के, दहा वर्षं, म्हणजे १२० हप्ते. हप्ता आला ४२ हजार १७९. एकूण परतफेड साडेपन्नास लाखांवर, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळं. वर्षभराचा बुडालेला पगार आणखी सात लाख. माझा हातात येणारा पगार तेव्हा ५८ हजार होता. अण्णांनी आकडे त्यांच्या जुन्या डायरीत, त्यांच्या त्या सुबक अक्षरात लिहून घेतले. मग "जादा गाळप" असं लिहून पुढे रेघ ओढली आणि डायरी माझ्याकडे फिरवली.

तिथे नोकरी लागली तर कर्ज चार-पाच वर्षांत फिटतं. परत यावं लागलं तर पुण्यातल्या पगारावर ते फिटत नाही, घरावर येतं. मला रेघेवर एक आकडा लिहिता येईना. मी दोन लिहिले, एक वर, एक खाली. अण्णा बराच वेळ खालच्या आकड्याकडे बघत राहिले. मला वाईट वाटेल म्हणून काही बोलले नाहीत.

त्यानंतर दहा-बारा दिवसांतच, ४ एप्रिल २०२४ ला, ब्रिटननं कुशल कामगारांच्या व्हिसाची किमान पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेली. नवख्यांसाठी सवलत होती, शिक्षणानंतरची दोन वर्षं राहण्याची सोयही तेव्हा होती. पण त्या दोन वर्षांत मला कायम ठेवणारी कंपनी शोधायची तर आता तिला माझ्यासाठी बराच जास्त पगार मोजावा लागणार होता. माझा वरचा आकडा तिथेच डळमळला.

जागा राखण्यासाठी २ हजार पौंड भरायची शेवटची तारीख मेअखेर होती. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. बँकेच्या ॲपवर रक्कम भरून ठेवली होती, फक्त ओटीपी बाकी. मी पुन्हा त्या रविवारचा कागद काढला. पेन्सिल पुसट झाली होती, पण टिका दिसत होत्या. मला हवं होतं ते त्या तीन ओळींत होतं, आणि दारासाठी म्हणावं तर त्या विद्यापीठाचं दार कुठे उघडतं हे मला कोणीही खात्रीनं सांगू शकलं नव्हतं. मी विद्यापीठाच्या प्लेसमेंट विभागाला दोनदा मेल पाठवली होती, भारतातून आलेल्या किती मुलांना तिथे नोकरी लागली म्हणून. दोन्ही वेळा छापील उत्तर आलं, आकडा आला नाही. ओटीपी आला, मी तो टाकला नाही. प्रवेश नाकारल्याची मेल लिहून झाल्यावर मी खूप रडले. हलकं वाटायला दोन दिवस लागले.

मग लेव्हल थ्री. ऑगस्ट २०२४. तिथे अर्ध्या पेपरात पर्याय नसतात, स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावं लागतं, कारण द्यावं लागतं. मुलाखतीतल्या त्या कोऱ्या कागदाची मला तयारीभर आठवण येत होती, आणि त्यामुळे मी लिहिण्याचा सराव इतरांपेक्षा जास्त केला. रोज एक उत्तर लिहायचं आणि वरिष्ठांना दाखवायचं. त्यांनी कंटाळा न करता ती वाचली, त्यांचे हे उपकार आहेत. ऑक्टोबरात निकाल लागला, पास. अनुभवाचे तास भरलेले होतेच, संदर्भपत्रं गोळा करून पुढे सनदही आली. चारही परीक्षांची फी, पुस्तकं, सराव परीक्षा, मुंबईच्या फेऱ्या असं सगळं धरून माझा खर्च साडेतीन लाखांच्या आत बसला, आणि तो पगारातून झाला.

सनदेनं काय दिलं तेही सांगते. पगार लगेच फारसा वाढला नाही. पण ग्राहकाबरोबरच्या कॉलवर मला बोलायला देऊ लागले. दोन अहवालांत विश्लेषकांच्या नावांखाली माझंही नाव आलं. रकान्यात आजही "पदवीधर" असंच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं रिसर्च अॅनालिस्टसाठीची शिक्षणाची अट सैल केली, संबंधित विषयातली पदवी पुरेशी धरली, पाच वर्षांच्या अनुभवाची अट काढली. ज्या कारणाला मी वर्षभर वजनदार मानत होते ते एका अधिसूचनेनं नाहीसं झालं. घर गहाण टाकून त्या कारणासाठी पदवी घेतली असती तर काय, हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले.

आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये मी मास्टर्सला प्रवेश घेतला. फायनान्सच्या नाही, इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. अर्थशास्त्राला. कारण यादीतल्या तीन ओळी अजून तशाच उरल्या होत्या. पहिल्या वर्षी संख्यात्मक पद्धतींचा पेपर आहे, दुसऱ्या वर्षी इकॉनोमेट्रिक्स निवडता येतं, हे बघूनच अर्ज भरला. नोकरी चालू राहते, फी पगारातून जाते, कोणाचं घर अडकत नाही. कॅम्पस नाही, माणसं घ्यायला कोणी येत नाही, दर आठवड्याला अर्धा तास देणारा मार्गदर्शक नाही. त्याची उणीव मला रोज जाणवते, आणि त्या ताईचा हेवा अजून गेलेला नाही. ज्याला चांगल्या कॅम्पसला प्रवेश मिळतोय आणि घरावर बोजा न टाकता जाता येतंय, त्यानं जावं असं मी आजही सांगते. नुकत्याच पदवीधर झालेल्या माझ्या मामेबहिणीला मी तेच सांगितलं. तिला सीएफएच्या आधी मास्टर्स कर म्हणाले, कारण तिला पहिलं दार उघडायचंय आणि ती बावीस वर्षांची आहे.

इग्नूचे स्वाध्याय हातानं लिहून द्यावे लागतात. इतक्या वर्षांनी फुलस्केपवर समास आखून लिहायला बसले तेव्हा बोटं दुखली. पायथन मी स्वतःच शिकतेय, रविवारी सकाळी. सरावासाठी आकडेवारी कुठली घ्यावी या विचारात होते, तेव्हा दिवाळीत अण्णांनी माळ्यावरून एक ट्रंक काढली. त्यात त्यांच्या नोकरीतल्या डायऱ्या, पुरातही वाचलेल्या, कारण ट्रंक माळ्यावर होती. प्रत्येक गळीत हंगामाची रोजची नोंद : किती टन ऊस आला, किती गाळला, साखरेचा उतारा किती. मी सतरा हंगाम एक्सेलमध्ये भरले, अण्णा एकेक आकडा वाचून दाखवत होते. हंगामाच्या सुरुवातीला उतारा कमी असतो, जानेवारी-फेब्रुवारीत चढतो, शेवटी उतरतो, हे त्यांना तोंडपाठ. मी रिग्रेशन चालवलं आणि आलेख त्यांना दाखवला. ते म्हणाले, "हे बघ, आज उतारा वाढला की उद्याही थोडा वाढलेलाच असतो. ऊस एका रात्रीत बदलत नाही." रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेले होते. मुलाखतीतला तोच प्रश्न माझ्यासमोर होता, या वेळी सांगलीच्या उसाच्या आकड्यांत. चाचणी मी चालवली आहे. पुढची पायरी या रविवारी, अण्णांना फोन लावून.